आईचे गुरुवार

बाबा गेल्यानंतरच्या दोन वर्षांत तिन्ही भावंडांच्या मिळून चार बैठका झाल्या होत्या, आणि चारही बैठका शेजाऱ्यांनी दार वाजवून संपवल्या होत्या. म्हणून पाचवी बैठक कुणाच्याच घरी घ्यायची नाही, असं मधलीने ठरवून टाकलं.

मधली शाळेत गणित शिकवायची. शिवाय एकोणीस वर्षं अख्ख्या शाळेचं वेळापत्रक तिच्याच हातचं होतं. त्यामुळे माणसं चौकोनांत बसवली की जग सुरळीत चालतं यावर तिचा गाढ विश्वास होता. जुनं घर मोडलं तेव्हा आईचंही वेळापत्रक तिनेच केलं. दोन महिने दादाकडे, दोन महिने मधलीकडे, दोन महिने धाकट्याकडे. दादाचा चौकोन निळा, तिचा पिवळा, धाकट्याचा हिरवा. तो कागद तिन्ही घरांच्या फ्रिजवर लागला होता, आणि आई दोन बॅगा उचलून एका रंगातून दुसऱ्या रंगात बिनतक्रार जात होती.

तक्रारी बाकीच्यांच्या होत्या. दादाच्या तिसऱ्या मजल्याला लिफ्ट नव्हती आणि आईचे गुडघे त्याला एकाएकी आठवू लागले होते. मधलीच्या दोन्ही मुलींचं परीक्षेचं वर्ष होतं आणि आई त्यांच्याच खोलीत झोपायची. धाकटा दंतवैद्य, दवाखाना खाली, बिऱ्हाड वर. पेशंटांच्या कण्हण्याने आईची दुपारची झोप मोडते, या विचाराने त्याचा जीव अलीकडे फार तुटायचा. थोडक्यात, आईची काळजी तिघांनाही होती, आणि ती दुसऱ्याने घ्यावी असंही तिघांना वाटत होतं.

जागा मात्र आईनेच सुचवली. फोनवर म्हणाली, "त्या कलासंग्रहालयात खाली एक इटालियन रेस्टॉरंट आहे. तिथे भेटू या सगळे. गुरुवारी एक वाजता. मी परस्पर येते."

आईला इटालियन जेवणाचा पुळका कधीपासून आला, हे मधलीला कळेना. पण संग्रहालय म्हटल्यावर तिला हायसं वाटलं. चित्रांच्या सान्निध्यात कोण कुणावर खेकसणार? तिने अर्ध्या दिवसाची रजा टाकली.

शिल्पांच्या दालनातून पुढे गेलं की एक उंच कमान होती आणि कमानीपलीकडे रेस्टॉरंट. पांढरेशुभ्र टेबलक्लॉथ, लांब दांड्यांचे ग्लास, एका बाजूला अंगणात उघडणारी काचेची भिंत. अंगणात गंजलेल्या लोखंडाचं काहीतरी उभं होतं आणि त्याला नाव दिलेलं होतं. कमानीपाशी निळ्या गणवेशातला सुरक्षारक्षक खुर्ची टाकून बसला होता. आवाज चढला की तो बसल्या जागेवरून नुसता मान वळवून पाहायचा, आणि तेवढ्याने माणसं खाली मान घालायची. मधलीला तो फार आवडला. असा एक शाळेत हवा होता.

दादा आणि वहिनी आधीच येऊन बसली होती. दादा लाँड्रीचा मालक, घराण्यातला तिसऱ्या पिढीचा. त्याने मेन्यूला हात लावला नव्हता, पण नॅपकिन उजेडाकडे धरून तपासत होता.

"क्लोरीन जास्त टाकतात," तो म्हणाला. "वर्षभरात जाळी होईल याची. आणि ही घडी बघ. ही काय घडी झाली?"

"दादा, आपण आईबद्दल बोलायला आलोय."

"बोलू ना. मी नुसतं सांगतोय. खांद्याच्या आकाराची घडी घातलीय. नॅपकिनला खांदे असतात का?"

वहिनी पोहण्याच्या तलावावर प्रशिक्षक होती. तलावाच्या एका टोकाला उभं राहून दुसऱ्या टोकाच्या पोराला त्याचा डावा पाय चुकतोय हे सांगायचं, हा तिचा रोजचा उद्योग. त्यामुळे तिची कुजबुजसुद्धा चार टेबलांना स्पष्ट ऐकू जायची. आज मात्र ती मेन्यूत तोंड खुपसून गप्प बसली होती. मधलीला हे जरा खटकलं, पण तिने ते वहिनीच्या भुकेच्या खाती टाकलं.

धाकटा दहा मिनिटं उशिरा आला. नाकावर मास्कचा वळ तसाच होता. एकटाच होता.

"आई कुठेय?" मधलीने विचारलं.

"कुठेय म्हणजे? दादाबरोबर नाही आली?"

"माझ्याबरोबर कशी येईल?" दादा म्हणाला. "सध्या ती तुझ्याकडे आहे ना? हिरवा चौकोन."

"हो, पण आज गुरुवार. गुरुवारी सकाळी साडेनऊला ती तुझ्याकडे जायला निघते. दिवसभर तुझ्याकडे असते आणि संध्याकाळी परत येते. दर गुरुवारी."

दादाने नॅपकिन खाली ठेवला. "माझ्याकडे? गेल्या दोन महिन्यांत गुरुवारी मी तिला पाहिलेली नाही. माझ्याकडे राहायला असते तेव्हाही गुरुवारी ती मधलीकडे जाते. मधले, येते ना तुझ्याकडे?"

पिवळ्या चौकोनातले सगळे गुरुवार तिच्या डोळ्यांपुढून झरझर गेले. शिवणाचा डबा पिशवीत टाकून दाराशी चपला घालणारी आई. 'धाकट्याकडे जाऊन येते गं.'

"माझ्याकडे असताना ती धाकट्याकडे जाते," ती म्हणाली. "असं सांगते."

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. एका मिनिटात मधलीने मनातल्या मनात हिशेब केला: दीड वर्ष, वर्षाचे बावन्न, आजारपणाचे चार-पाच वजा. सत्तरच्या वर गुरुवार. सत्तर गुरुवार त्यांची आई कुणाकडेच नव्हती.

"डॉक्टरकडे जात असेल," धाकटा हलकेच म्हणाला. "काहीतरी मोठं असेल. आपल्याला त्रास नको म्हणून सांगत नसेल."

"आजारी माणसाचे गाल असे नसतात," दादा म्हणाला. "उलट मला तर बरी दिसते हल्ली. फारच बरी दिसते." मग त्याचा चेहरा हळूहळू बदलला. "कुणी भेटलं तर नसेल ना तिला?"

"कुणी म्हणजे?"

"कुणी म्हणजे कुणीतरी. हल्ली काय सांगावं. केस कापून घेतलेत तिने."

"एकाहत्तर वर्षांची आहे ती, दादा."

"म्हणूनच म्हणतो. वेळ कमी आहे, तर घाईने ठरवेल."

"तुझ्यामुळे झालंय हे," मधली म्हणाली. "तू एकदा जरी मला फोन करून विचारलं असतंस, आई पोचली का, तर पहिल्याच आठवड्यात कळलं असतं."

"आणि तू मला विचारलंस? वेळापत्रक तुझं. शाळेत सत्तर तास पोरगी वर्गात नसती तर तुला कळलं नसतं?"

रक्षकाने मान वळवली. दादाचा आवाज जागच्या जागी बसला आणि त्यापुढचं भांडण तिघांनी कुजबुजत केलं. हा त्यांना नवाच अनुभव होता. बापजन्मात त्यांनी कुजबुजून भांडण केलं नव्हतं. 'बेजबाबदार' हा शब्द कानाशी लागून म्हटला की तो गुपितासारखा वाटतो. 'तू नेहमीच अंग काढून घेतोस' हे वाक्य तोंडावर हात धरून म्हटलं की लाडिक वाटतं. शेजारच्या टेबलावरचं एक म्हातारं जोडपं या एकोप्याकडे कौतुकाने बघत होतं. सुरुवातीला दादा आणि मधली मिळून धाकट्याला धारेवर धरत होती, कारण आई सध्या त्याच्या चौकोनात होती. पाच मिनिटांत मधली आणि धाकटा एक झाले, कारण दादा थोरला होता. मग दादा आणि धाकटा एक झाले, कारण वेळापत्रक मधलीचं होतं. वहिनीला कुणीच धरलं नाही. ती मेन्यूचं तेच पान वीस मिनिटं वाचत होती.

"त्या बघा, आल्या," वहिनी म्हणाली.

सगळ्यांनी कमानीकडे पाहिलं. कमानीत कुणी नव्हतं. आई उलट्या दिशेने येत होती, आतून, 'फक्त कर्मचाऱ्यांसाठी' अशी पाटी असलेल्या दारातून. केस नीट विंचरलेले, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, हात नुकतेच धुतलेले. गळ्यात निळ्या पट्ट्यावर तिचा फोटो लटकत होता.

"बसा, बसा," ती म्हणाली, जणू ते तिच्या घरी आले होते. "मागवलंत का काही? माझी सुट्टी सव्वादोनपर्यंतच आहे."

तेवढ्यात वेटर आला. चेहऱ्यावर इतका वेळ इस्त्री केलेलं हसू होतं, ते आईला पाहून मोकळं झालं. "मावशी, आज बाहेर बसलात? मग सूप इथेच आणू? तुमच्यासाठी पावाची कड काढूनच ठेवलीय."

"आण. आणि यांना रॅव्हिओली दे, भोपळ्याची. याला," तिने दादाकडे बोट केलं, "दोन प्लेट दे. तुमच्याकडे एका प्लेटमध्ये पाचच तुकडे असतात आणि हा मग माझ्या ताटात बघत बसतो."

वेटर गेला. धाकट्याने पुढे वाकून तिच्या गळ्यातलं कार्ड वाचलं.

"वस्त्र-दुरुस्ती विभाग," तो म्हणाला. "आई, हे काय आहे?"

"तेच सांगायला बोलावलंय. सूप येऊ दे."

सूप आलं. आईने दोन चमचे घेतले आणि मग साध्या आवाजात, कुणाचीही नजर न चुकवता, सांगून टाकलं.

बाबा गेल्यानंतर पहिल्या हिवाळ्यात ती दादाकडे होती. एका गुरुवारी घरात रंगकाम चाललं होतं, वासाने तिचं डोकं दुखायला लागलं आणि ती उगाच बाहेर पडली. संग्रहालयात ऊब होती, म्हणून आत शिरली. वरच्या मजल्यावर एक भिंतभर विणलेलं शिकारीचं चित्र आहे, तीनशे वर्षांपूर्वीचं. ती त्याच्यासमोर तासभर उभी राहिली. तिथल्या रक्षकाने विचारलं, आवडलं का? तर ती म्हणाली, चित्राचं मला कळत नाही. पण तो जो डावीकडे घोडा आहे, त्याच्या पोटापाशी कुणीतरी जाड धाग्याने रफू केलंय. तो धागा काढा. तो शेजारचं कापड ओढतोय, दोन-चार वर्षांत तिथे फाटेल.

"मी चाळीस वर्षं बाबांच्या लाँड्रीत मागच्या खोलीत बसून रफू केलं," आई म्हणाली. "कोटांना पडलेली सिगारेटची भोकं, कसरीने खाल्लेल्या शाली. माझ्या बोटांना कळतं ते."

रक्षकाने वर कळवलं. विभागाची प्रमुख धावत आली, तिने भिंग लावून घोड्याचं पोट पाहिलं आणि आईला चहा विचारला. पुढच्या गुरुवारी आई पुन्हा गेली. मग दर गुरुवारी. आधी नुसती शिकवायला, मग काम करायला. आणि आता त्यांनी तिला रीतसर नेमलं होतं, आठवड्यातून तीन दिवस.

"आणि मी मागच्या गल्लीत दोन खोल्या घेतल्यात," ती म्हणाली. "तळमजल्यावर. दक्षिणेला खिडकी आहे. एक तारखेला राहायला जाते."

रॅव्हिओली आली. गाडीच्या स्टिअरिंगएवढ्या प्रत्येक प्लेटच्या मधोमध भोपळा भरलेले पाच चौकोन होते. कुणीही त्यांना हात लावला नाही.

मग जे झालं त्याची मधलीला नंतर बरेच दिवस लाज वाटत राहिली. ज्या तिघांनी आठवडाभर आईला न ठेवण्याची कारणं गोळा केली होती, ते तिघेही एका दमात दुखावले.

"एकटी राहणार?" दादा म्हणाला. "मी मेलोय का? माझ्याकडे ये. लिफ्टचं मी बघतो."

"दादाकडे जिने आहेत," मधली म्हणाली. "आई, मी मुलींना हॉलमध्ये झोपवते. खोली तुझी."

"पेशंट काही एवढे कण्हत नाहीत," धाकटा म्हणाला. "मी उगाच वाढवून सांगितलं होतं."

"लोक काय म्हणतील?" दादा पुढे म्हणाला. "तीन मुलं असून आई भाड्याच्या खोलीत? आम्ही काय कमी केलं तुला?"

आईने चमचा ठेवला.

"काहीच कमी केलं नाही. खरं सांगते. तुम्ही तिघांनी मला पाहुण्यासारखं ठेवलंत. मऊ उशी दिलीत, आधी वाढलंत. दोन वर्षांत मी एकदाही कुणावर ओरडले नाही, लक्षात आलंय का तुमच्या? दुसऱ्याच्या घरात ओरडता येत नाही. डबे हलवता येत नाहीत. मला रात्री दहाला वाटलं की कपाट आवरावं, तर ते कपाट माझं नसतं."

"मग सांगायचं होतंस," मधली म्हणाली. तिचा आवाज तिलाच बारीक वाटला. "मी बदललं असतं वेळापत्रक."

आईने तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, म्हणून मधलीला जास्त लागलं.

"तू फार छान केलं होतंस गं वेळापत्रक. पण त्यात मी चित्रकलेच्या तासासारखी होते. सगळे म्हणतात, असायला हवा. आणि परीक्षा जवळ आली की पहिला तोच काढतात."

मधलीने खाली पाहिलं. गेल्याच आठवड्यात तिने आठवीचे चित्रकलेचे दोन तास काढून गणिताला घेतले होते.

दादाला कुठेतरी राग काढायचा होता. तो बायकोकडे वळला. "तू का गप्प? सांग ना काहीतरी. तुझं ऐकते ती."

वहिनीने मेन्यू मिटला. "जाऊ द्या त्यांना," ती म्हणाली.

"म्हणजे? तुला नकोय ती घरात?"

"अहो, मला हव्यात. म्हणूनच म्हणते, जाऊ द्या." तिने एक खोल श्वास घेतला, पाण्यात उडी मारण्यापूर्वी घेतात तसा. "मला गेल्या वर्षीपासून माहितीय. तलावाची दुरुस्ती चालू होती म्हणून मी पोहायला शिकणाऱ्या मुलांना इथे घेऊन आले होते. वरच्या मजल्यावर काचेपलीकडे आई बसल्या होत्या, डोळ्याला भिंग लावून. मुलांना म्हटलं, बघा, या माझ्या सासूबाई. तर एकाचाही विश्वास बसेना."

"आणि तू मला सांगितलं नाहीस?"

"तुम्हाला सांगितलं असतं तर चार बैठका झाल्या असत्या. आणि आता सांगतेच आहे तर पुरतं सांगते. खोल्यांच्या भाडेकरारावर साक्षीदार म्हणून माझी सही आहे."

हे वाक्य ती नेहमीच्या आवाजात बोलली. चार टेबलांवरचे काटे थांबले. शेजारच्या म्हाताऱ्या बाईने नवऱ्याच्या दंडाला हात लावला आणि खुर्ची जरा इकडे सरकवली. रक्षकाने मान वळवली, पण वहिनीने त्याच्याकडे अशी नजर टाकली की त्यानेच मान परत फिरवली.

दादा आईकडून बायकोकडे आणि बायकोकडून आईकडे बघत राहिला. त्या दोघी एकमेकींकडे बघत नव्हत्या, पण दोघींच्या ओठांची कड एकाच वेळी हलली. बावीस वर्षं आपण या दोघींच्या मध्ये उभे आहोत असं त्याला वाटत होतं, आणि मध्ये कुणी उभं असायची गरजच नव्हती, हे त्याला आज इटालियन रेस्टॉरंटात कळत होतं. त्याने काटा उचलला आणि आपल्या दोन्ही प्लेटमधले दहाही तुकडे एकामागून एक खाऊन टाकले.

"बरी आहे," तो शेवटी म्हणाला. "भोपळा आहे हे सांगितलं नसतं तरी चाललं असतं."

त्यावर धाकटा हसला. मग मधलीही हसली, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ते तिने दादाने नापसंत केलेल्या नॅपकिनने टिपलं. तिला विचारायचं होतं, आई, दोन बॅगा घेऊन निघताना तुला कसं वाटायचं? पण तोंडून निघालं ते वेगळंच.

"तो घोडा किती दिवसांत झाला?"

आईचा चेहरा उजळला. या दोन वर्षांत मधलीने तिला विचारलेला हा पहिला प्रश्न असावा ज्याचं उत्तर 'हो' किंवा 'बरं' असं नव्हतं. "चार महिने," ती म्हणाली. "पोटाचा रंग कुठेच मिळेना. शेवटी कडेच्या दुमडीतून आतला धागा काढला. त्याच कापडाचा, तीनशे वर्षं उजेड न पाहिलेला. तो जास्त गडद होता, म्हणून मग..." आणि ती सांगत राहिली. सूप निवलं. गोड म्हणून तिरामिसू आलं. तिच्या बोटांनी टेबलक्लॉथवर ताणा-बाणा दाखवला, आणि दादाने मध्येच दोन प्रश्न विचारले, दोन्ही धंद्यातले, दोन्ही चांगले.

सव्वादोनला पाच कमी असताना ती उठली. तिने वहिनीच्या पाठीवर हात ठेवला, मधलीच्या कपाळावरची बट मागे केली, धाकट्याला नाकावरचा वळ चोळायला सांगितलं, आणि पाटी लावलेल्या दारातून आत गेली. दार आपोआप बंद झालं.

सामान कोण हलवणार यावर तिघांची लगेच जुंपली. दादाकडे लाँड्रीची व्हॅन होती. धाकट्याच्या मते त्या व्हॅनला वाफेचा वास यायचा. मधलीने तोवर कागद-पेन काढलंही होतं. "तिलाच विचारतो," म्हणत दादा ताडकन उठला आणि दारापाशी गेला. रक्षक तिथे आधीच पोचला होता. दोघांचं काहीतरी बोलणं झालं. दादाने हातवारे केले. रक्षकाने खिशातून वही काढून दिली. दादाने उभ्या उभ्या काहीतरी लिहिलं आणि परत आला.

"काय म्हणाला?" मधलीने विचारलं.

"म्हटलं, माझी आई आहे आत. तर म्हणाला, त्या कामावर आहेत." दादा खुर्चीत बसला. जरा वेळाने पुन्हा म्हणाला, "त्या कामावर आहेत. निरोप असेल तर लिहून द्या."

"मग काय लिहिलंस?"

"विचारलं, एक तारखेनंतरच्या रविवारी सगळे येऊ का."

ते तिघे आणि वहिनी थांबले. उरलेलं तिरामिसू चार चमच्यांनी संपलं. कुणालाच जायची घाई नव्हती, आणि भांडायला विषय असूनही कुणी भांडत नव्हतं. पंधरा मिनिटांनी रक्षक आला आणि चार घड्यांचा कागद टेबलावर ठेवून गेला. दादाने तो उघडला, वाचला आणि मधलीकडे सरकवला. आईचं ते गोल, जरा उजवीकडे कललेलं अक्षर होतं. पन्नास वर्षं या घराण्यातल्या कुणालाही उपाशीपोटी दाराबाहेर न सोडणाऱ्या बाईने दोन ओळी लिहिल्या होत्या:

'रविवारी अवश्य या. जेवून या.'

वहिनी एवढ्या मोठ्याने हसली की रक्षक खुर्चीवरून उठून उभा राहिला.